ताकतीचं इंजेक्शन

माझ्या नवऱ्याला मी तोंडावर आयुष्यभर 'तुमी' म्हणत आले. इथं 'तो' म्हणणार आहे. राग आहे म्हणून. कोणाला खटकलं तर त्यानं खुशाल पुढं वाचू नये, माझं काही अडत नाही.

आमचं गाव भंडाऱ्याजवळच्या शहापूरहून आत, हायवे सोडला की धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांमधून, जो रस्ता जातो त्यावर. माझं माहेर तुमसरचं. वडील राइस मिलमध्ये कामाला होते, घर मिलच्या मागंच, त्यामुळं मशीनच्या वरताण ओरडून बोलायची सवय मला लहानपणापासून. पुढं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाले, तिथंही तोच आवाज कामी आला. हेडमास्तरला भर मीटिंगमध्ये खोटं पाडलेली बाई आहे मी. आणि हीच बाई सासरच्या अंगणात मुकी. कारण अंगणात भासरा.

भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडं धाकट्याच्या बायकोनं भासऱ्याशी बोलायचं नाही. तो दिसला की डोक्यावर पदर घ्यायचा आणि दाराआड व्हायचं. त्याला आपल्याला काही सांगायचं असलं तर तो भिंतीकडं बघून सांगतो, "घरात सांगा, पाणी द्या म्हणावं." आपण दोन हातांवर उभ्या असतो. ऐकतोही आपण आणि पाणी देतोही आपणच. पण मध्ये भिंत पाहिजे, नाहीतर कुत्रं पाहिजे, नाहीतर एखादं पोट्टं पाहिजे. लग्न होऊन आले तेव्हापासून भासरा माझ्याशी असा भिंतीमार्फत बोलत होता. त्याला काय म्हणून हाक मारावी हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं, कधी गरजच पडली नाही.

दोन भाऊ, अंगण एक, चुली दोन, शेती एकत्र. शेतीत हुकूम भासऱ्याचा. तरुणपणी तो मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रेच्या, नाटकात राजाचं काम करायचा. मुकुट केव्हाच पेटीत गेला, आवाज तेवढा राजाचा राहिला. माझा नवरा वरठीच्या कारखान्यात होता, आधी सायकलनं जायचा, मग मोटरसायकल घेतली. कारखान्यात तो चार माणसांचा मुकादम, घरी आला की भावाचा हुकुमाचा ताबेदार. रिटायर झाल्यावर तर चोवीस तास ताबेदार.

रिटायर झाल्यावर त्याला लघवीचा त्रास सुरू झाला. तो त्यानं लपवला. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन बसायचा आणि बसूनच राहायचा. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "वय झालं, आणखीन काय." शेवटी एक दिवस लघवी पुरतीच अडली तेव्हा भंडाऱ्याला नेलं, तिथून नागपूरला पाठवलं. तपासण्या झाल्या. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, हाडापर्यंत थोडा पोचलेला.

नागपूरचा डॉक्टर मोठा माणूस. बाहेर शंभर लोक ताटकळत, आत तो घाईत. त्यानं सांगितलं, "ही गाठ पुरुषी हार्मोनवर जगते. ते हार्मोन आपण बंद करायचं. दर तीन महिन्यांनी पोटात एक इंजेक्शन. बस." त्यानं नवऱ्याला वजन विचारलं, वय विचारलं. तुमचे वडील कशानं गेले ते विचारलं नाही. तंबाखू खाता का ते विचारलं नाही. छातीला नळी लावली नाही. पुरुषी हार्मोन बंद करायचं म्हटल्यावर माझ्या नवऱ्याचा चेहरा असा उतरला की मीच नजर खाली घातली.

 बसमधून शहापूरच्या फाट्यावर उतरल्यावर तो म्हणाला, "घरी कोणाले सांगायचं नाई."

"काय सांगायचं नाई? कॅन्सर?"

"कॅन्सर सांग. इंजेक्शन कायचं आहे ते सांगू नोको."

ऐका आता! मरणाची लाज नाही, इंजेक्शनची लाज. मी रस्त्यातच भांडायला लागले, तर तो सरळ पुढं चालू लागला. अंगणात पाय ठेवला तर भासरा खाटेवर बसलेला. त्यानं विचारलं, "काय म्हणते डॉक्टर?" आणि माझा नवरा, शाळेतलं पोरगंही ज्या सहजतेनं खोटं बोलणार नाही अशा सहजतेनं बोलला, "कॅन्सर आहे म्हणते, पण आवाक्यात आहे. ताकतीचं इंजेक्शन देऊन राहिले. बिमारीनं माणूस खचते ना, म्हून." मी दाराआड उभी होते. डोक्यावर पदर आणि तोंडाला कुलूप.

त्या दिवसापासून ते ताकतीचं इंजेक्शन झालं. भासऱ्यानं गावभर सांगितलं. भावाला नागपूरहून ताकतीचं इंजेक्शन येते, भारीतलं, बाहेर देशातलं.

दोन-तीन इंजेक्शनं झाली आणि नवऱ्याचं अंग बदलायला लागलं. एकदम आग आग व्हायची, श्रावणातल्या गारव्यात बनियन काढून पंखा लावायचा, घामानं उशी भिजायची. पाय काटक्या झाले, पोट पुढं आलं. सदऱ्याच्या गुंड्या लागेनात. जिना चढला की धापा टाकायचा. आणि चिडचिड तर अशी की भाजीत मीठ कमी पडलं तरी डोळ्यांत पाणी आणायचा, मग त्या पाण्याचीच लाज वाटून ताट सारून उठायचा. मला समजत होतं की हे इंजेक्शनचं आहे. पण गावाला काय समजलं? गावाला समजलं की तब्येत सुधारली!

आमच्याकडं माणसाचं पोट सुटलं की तब्येत भरली म्हणतात. बारीक झाला की खंगला. तिसरं काही नसतंच. जो येईल तो माझ्या नवऱ्याच्या पोटावर थाप मारून जायचा. "बाप्पा! कॅन्सर आहे म्हनते कोनी? हा तर सासरी जाऊन आलेला जवाई दिसून राहिला!" माझी जाऊ, म्हणजे भासऱ्याची बायको, रोज वाटीभर तूप पाठवायची. वाईट बाई नाही ती. पण अक्कल गहाण ठेवलेली. मी तूप परत पाठवलं की भासऱ्याचा आवाज अंगणातून यायचा, "घरात सांगा, आजाऱ्याच्या तोंडचं काढू नये." आणि माझा नवरा ते तूप भातावर ओतून बोटं चाटत खायचा. वर खर्रा. तंबाखू-सुपारी घोटलेला तो खर्रा त्याच्या खिशात कारखान्यापासून आहे. आजारी पडला, खर्रा नाही सुटला.

मी नागपूरच्या डॉक्टरला विचारलं. पुढच्या इंजेक्शनच्या वेळी सरळ आत घुसले आणि म्हटलं, "साहेब, पोट वाढून राहिलं, दम लागते, घाम येते." त्यानं रिपोर्ट माझ्यापुढं धरला. "हे बघा, गाठीचा आकडा, पीएसए, किती खाली आलाय. इतका छान रिस्पॉन्स सगळ्यांना येत नाही. खूश व्हा बाई." मी म्हटलं, "पण दम?" तो म्हणाला, "वजन कमी करा, चालायला सांगा. बाकी हार्टबिर्टचं वाटलं तर तुमच्याकडच्या डॉक्टरला दाखवून घ्या." आमच्याकडच्या डॉक्टरकडं गेले तर तो म्हणाला, "कॅन्सरची ट्रीटमेंट सुरू आहे ना? मग मोठ्या डॉक्टरलाच विचारा, आम्ही मध्ये हात घालत नाही." असा खेळ. नळ दुरुस्त करायला आलेला मिस्त्री नळ बघतो आणि भिंतीला ओल आली ते बघत नाही, तसा हा प्रकार. नळ माझ्या नवऱ्याचा, भिंतही त्याचीच, आणि घर पडलं तर दोघंही म्हणणार, आमचं काम आम्ही बरोबर केलं. संताप नाही येणार तर काय होईल?

मला भीती कशाची होती ते सांगते. माझे सासरे. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, धानाची रोवणी, म्हणजे लावणी, चालू होती. सासरे बांधीत उभे होते, छातीवर हात धरला, चिखलात खाली बसले आणि उठलेच नाहीत. केस अजून काळे होते त्यांचे. भासऱ्यानं जाहीर केलं, ऊन लागलं. आषाढातलं आभाळ, सकाळपासून झड लागलेली, आणि ऊन लागलं! पण मोठ्या मुलानं सांगितलं ऊन, म्हणून गावानं मान हलवली. आजही या घरात कोणी विचारलं, वडील कशानं गेले, तर उत्तर ऊन. राजासारखा बाप चिखलात छाती धरून गेला असं म्हणायला यांची जीभ वळत नाही.

तर असा बाप, असं इंजेक्शन, असं पोट, आणि खिशात खर्रा. माझा जीव टांगणीला लागला होता. नवऱ्याला म्हटलं, "भंडाऱ्याले हार्टच्या डॉक्टरले दाखवू." तो म्हणाला, "आधी कॅन्सर, मंग हार्ट, मंग काय? तुले मले पूरा आजारीच पाडायचं आहे का?"

मग मंडई आली. दिवाळी झाली की आमच्या भागात गावागावाची मंडई भरते, प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. सगळे पाहुणे येतात, लेकी येतात, जवाई येतात, रात्रभर नाटक. घरात मटण शिजतं, वडे तळतात, बायकांची कंबर मोडते. त्या वर्षी आमच्या अंगणात पाहुण्यांची रीघ लागली आणि सगळ्यांना माझ्या नवऱ्याचं पोट बघायचं होतं. भासऱ्यानं त्याला मधोमध खुर्चीवर बसवलं होतं. खांद्यावर हात मारून तो पाहुण्यांना म्हणाला, "पाहा! ताकतीचं इंजेक्शन! यंदा धानाचे भारे वाहाले मजूर नाई लावून राहिलो. हाच वाहते. काहून रे, वाहशीन ना?"

आणि माझा गाढव नवरा हसला. "हव," म्हणाला. "कायले नाई?"

काय म्हणणार होता तो? स्वतःच सांगितलेलं खोटं आता स्वतःच्याच डोक्यावर वाहायचं होतं. मी दाराआडून ते ऐकलं आणि हातातला झारा कढईत इतका जोरात आपटला की जावेच्या हातावर तेल उडालं. ती ओरडली. मला वाईट वाटलं नाही.

मंडईनंतर भारी धान, म्हणजे उशिरा पिकणारं, कापायला आलं. कापलेल्या धानाचे भारे बांधून डोक्यावरून खळ्यावर न्यायचे, धुऱ्याधुऱ्यानं. ओला भारा चांगला जड असतो. पहिल्या दिवशी तो दुपारी घरी आला तेव्हा चेहरा राखेसारखा. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाला, "काई नाई. इंजेक्शनची गरमी." दुसऱ्या दिवशी मी शेतात गेले. मला बघायचंच होतं. तो भारा घेऊन अर्ध्या धुऱ्यापर्यंत आला, भारा खाली टाकला आणि त्यावरच बसला. घामानं निथळत होता. डावा खांदा चोळत होता. मी धावत गेले.

"खांदा काहून चोळता?"

"भारा डाव्या खांद्यावर घेतला होता."

"तुमी भारा डोक्यावर घेतला होता. मी पाहून राहिली होती."

"मंग इंजेक्शनचं असन. जा तू घरी."

प्रत्येक गोष्ट इंजेक्शनच्या नावावर! घाम आला की इंजेक्शन, दम लागला की इंजेक्शन, छाती भरून आली तरी इंजेक्शन. आणि गावापुढं तेच इंजेक्शन ताकतीचं. खळ्यावरून भासरा ओरडला, "काय बसलास बे, सूर्य बुडाले आला!" माझ्या जिभेवर जे आलं होतं ते लिहिलं तर कोणी छापणार नाही. पण पदर पुढं ओढला आणि गिळलं.

त्या संध्याकाळी मी चूल पेटवली नाही. नवऱ्याला म्हटलं, उद्या डॉक्टरकडं चला, नाहीतर मी तुमसरला भावाकडं चालली आणि यावेळी परत येणार नाही. यापूर्वी मी ही धमकी कधी दिली नव्हती, म्हणून लागू पडली. पण निघताना सकाळी अंगणात भासरा धुतलेलं धोतर घालून तयार. डॉक्टरकडं जायचं तर घरचा मोठा माणूस पाहिजे म्हणे. बसमध्ये ते दोघं भाऊ पुढं एका सीटवर, मी मागं एकटी.

भंडाऱ्याची हार्टची डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची होती. केबिनमध्ये दोन खुर्च्या. त्यावर दोघं भाऊ बसले, मी मागं भिंतीला टेकून उभी, डोक्यावर पदर. डॉक्टरीण बाईनं मला खुर्ची मागवली तर भासराच म्हणाला, "राहू द्या, त्या उभ्या राहातीन." माझ्या वतीनं!

तिनं विचारायला सुरुवात केली. एकेक प्रश्न, सावकाश. "काका, बीपी आहे का? शुगर? छातीत दुखतं का? चढ चढताना?" नवरा सगळ्याला नाही म्हणत होता. भावाच्या शेजारी बसून तो हो कशाला म्हणेल? "तंबाखू?" "कधीमधी." खर्रा खाऊन लाल झालेले दात घेऊन म्हणतो, कधीमधी. "घरात कोणाला हृदयाचा त्रास? वडील कशानं गेले?"

"ऊन लागलं," भासरा म्हणाला.

"सध्या कोणती औषधं सुरू आहेत?"

नवऱ्यानं क्षणभर भावाकडं बघितलं. "काई नाई. एक ताकतीचं इंजेक्शन असते, तीन महिन्यांनी."

"कसली ताकत? कोणी दिलंय?"

"नागपूरले. अशक्तपणासाठी."

डॉक्टरीण बाई लिहायला लागली. मी बघत होते. ती ते लिहिणार, खांद्याला मलम देणार, आणि हे दोघं उठून बसस्टॉपवर जाणार. उद्या पुन्हा भारा, पुन्हा धुरा. आणि एक दिवस चिखलात तो छाती धरून बसणार आणि भासरा जाहीर करणार, ऊन लागलं.  मी पदर खाली टाकला.

"ते ताकतीचं इंजेक्शन नाई," मी म्हटलं. मिलमागच्या घरातला आवाज निघाला, बाहेर बसलेल्या पेशंटांनी माना वळवल्या असतील. "प्रोस्टेटचा कॅन्सर आहे ह्यांना. पुरुषी हार्मोन बंद करायचं इंजेक्शन आहे ते. तेव्हापासून पोट वाढून राहिलं, दम लागते, घाम येते, आणि काल भारा वाहताना डावा खांदा धरून बसले. खर्रा रोजचा आहे, कधीमधीचा नाई. आणि सासरे उन्हानं गेले नाई. पावसात गेले, छाती धरून."

 भासऱ्यानं माझ्याकडं बघितलं नाही. तो भिंतीकडं वळून म्हणाला, "घरात सांगा, गप राहा म्हणावं."

"भिंतीले कायले सांगता?" मी म्हटलं. "मी इथं उभी आहे. मले सांगा. तुमच्या बापाले काय झालं होतं ते तुमाले माहीत आहे, मले माहीत आहे. तुमच्या भावाले आता भाऱ्याखाली मारायचं आहे का तुमाले?"

त्या माणसाशी मी आयुष्यात बोललेले हे पहिले शब्द. नवऱ्यानं तळहातांनी तोंड झाकलं होतं. कान लाल झाले होते त्याचे.

डॉक्टरीण बाईनं पेन खाली ठेवलं. तिनं दोघा भावांना एक शब्द सुनावला नाही. नवऱ्याला पलंगावर झोपवलं, बीपी घेतलं, कमरेला टेप लावून पोट मोजलं, ईसीजी काढला, रक्त घेतलं, शेजारच्या खोलीत इको केला. ईसीजीचा कागद बघून तिच्या कपाळावर आठी आली. मग मला खुर्चीवर बसवून तिनं सांगितलं. या इंजेक्शननं चरबी वाढते, शुगर आणि कोलेस्टेरॉल बिघडू शकतं, हृदयावर ताण येऊ शकतो. ज्याच्या घरात आधीच हृदयविकार आहे, जो तंबाखू खातो, ज्याचं बीपी वाढलेलं आहे, त्याला धोका जास्त. घाम त्या इंजेक्शननंही येतो आणि हृदयानंही येतो, म्हणूनच तपासावं लागतं. "हे सगळं पहिल्या इंजेक्शनच्या आधी बघायला हवं होतं," ती म्हणाली, "आणि नंतरही दर वेळी."

"मंग इंजेक्शन बंद करता का?" नवऱ्यानं विचारलं. किती दिवसांत त्याच्या आवाजात अशी आशा ऐकली नव्हती मी.

"नाही काका. कॅन्सरही सांभाळायचा आहे. या इंजेक्शनांतही प्रकार असतात. तुम्हाला कुठलं चालेल ते मी त्यांच्याशी बोलून ठरवते. आधी तुमच्या हृदयाच्या नसा बघू. आणि भारा एक उचलायचा नाही."

तिनं माझ्यासमोर नागपूरला फोन लावला. तिकडच्या मोठ्या माणसाचा आवाज मला ऐकू येत होता, हो हो, बरोबर आहे, करून घ्या. बस. इतकं सोपं होतं ते. एक फोन. तो त्यानं कधी केला नाही, आणि मी त्याच्या पुढ्यात उभी राहून विचारलं तेव्हा मला खूश व्हा म्हणाला होता. अजून तो डोळ्यांपुढं आला की माझ्या दातांवर दात येतात.

नागपूरला अँजिओग्राफी झाली. एका नसेत मोठा अडथळा निघाला, स्टेंट टाकला. आणखी आठ दिवस भारे वाहिले असते तर, असं तिथल्या डॉक्टरनं सुरू केलं आणि माझं तोंड बघून वाक्य सोडून दिलं.

घरी आलो. पुढचं सगळं गोड झालं असं कोणाला वाटत असेल तर त्यानं गैरसमज करून घेऊ नये. गावात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. पानठेल्यावर पोट्टे काय बोलायचे ते माझ्याही कानावर यायचं. "आता भाऊ साडी कधी नेसते?" असलं. मी एकदा तिथं जाऊन उभी राहिले. त्यातले दोघं माझ्या हाताखाली शिकलेले. बाराखडी मी शिकवली म्हणून तर त्यांना फळीवर खर्रा लिहिता येतो! गप झाले माझ्यापुढं, मागून पुन्हा सुरू झाले असतील.

भासरा दुसऱ्याच दिवशी भांडायला आला. आणि यावेळी भिंतीशी नाही. सरळ ओसरीसमोर उभा राहून, माझ्या तोंडाकडं बघून, "तुनं माझ्या भावाची इज्जत चारचौघांत काढली! जन्मात विसरणार नाई मी!" मीही पदर घेतला नाही. "इज्जत घेऊन सरणावर झोपवायचं होतं का त्याले? आणि तुमीही दाखवून या छाती. तुमचाही बाप तोच होता." तो शिव्या देत निघून गेला. तेव्हापासून आमचं असंच आहे. मजूर किती लावायचे, पाणी कोणत्या बांधीत सोडायचं, सगळं तो माझ्या तोंडावर भांडतो. माझ्या नवऱ्याच्या वाट्याचे भारे आता मजूर वाहतात. भासरा भंडाऱ्याला छाती दाखवून आला म्हणे. मला त्यानं सांगितलं नाही, जावेनं हळूच सांगितलं.

आणि नवरा? नवरा माझ्याशी बोलत नाही. केबिनमधून निघताना एक वाक्य बोलला होता, "तुनं मले नागडं केलं." त्यानंतर तोंड बंद. जेवतो, चालायला जातो, खर्रा सोडला. इंजेक्शन आता दुसऱ्या प्रकारचं मिळतं, तेही घेतो. पण माझ्याशी एक अक्षर नाही. काही लागलं तर भिंतीकडं बघून म्हणतो, "घरात सांगा, चहा टाका म्हणावं." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याच्यासोबत एका खाटेवर जन्म गेला तो मला भासऱ्यासारखा बोलतो! आणि भासरा तोंडावर! मी दोन दिवस रडले, मग रडायचाही कंटाळा आला. गोळ्या मीच नेऊन त्याच्या ताटाशेजारी ठेवायची. तो घ्यायचा, पण जसं काही त्या आपोआप तिथं आल्या.

मागच्या आठवड्यात सकाळी भासरा अंगणात येऊन माझ्याशी बियाण्यावरून कचाकचा भांडत होता. मीही सोडत नव्हते. भांडता भांडता सकाळची गोळी राहून गेली. नवरा ओसरीवर भिंतीकडं तोंड करून बसलेला. मध्येच तो भिंतीला म्हणाला, "घरात सांगा, गोळी राहिली आज."

त्यानं स्वतःहून गोळी कधी मागितली नव्हती.  भासऱ्यानं माझ्याकडं बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मागून राहिला तो."

मी आतून गोळी आणली, पाण्याचा गडवा आणला. ओसरीच्या पायरीशी उभी राहिले आणि मीही भिंतीलाच म्हटलं, "सांगा त्यांना, हात पुढं करा म्हणावं."

भिंतीकडंच बघत त्यानं हात पुढं केला.